सर्वसाधारण जागा कोणाची?



भंडाऱ्याची १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक आपल्याकडे अजून सांगितली जाते, कारण तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि भाऊराव बोरकरांकडून त्यांचा पराभव झाला. पुढच्याच वर्षी पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि अनुसयाबाई भाऊराव बोरकर भंडाऱ्याच्या खासदार म्हणून दिल्लीला गेल्या. ही १९५५ ची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. त्यानंतर भंडाऱ्याने, आणि पुढे भंडारा-गोंदिया मतदारसंघाने, लोकसभेत एकही स्त्री पाठवलेली नाही. सत्तर वर्षं होत आली.

या जिल्ह्यात कारभार पाहिलेल्या बायका कमी आहेत, असं म्हणायला जागा नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सातही तालुक्यांत सरपंच, सदस्य, सभापती झालेल्या बायका आहेत. या मंडपातही त्या बसल्या आहेत. मला आज बोलायचं आहे ते त्यांच्याशीच.

तुमचं पहिलं वर्ष दाखवतील तिथे सही करण्यात गेलं. मग कधीतरी तुम्ही नमुना ५ ची रोकडवही मागितली. नालीचं काम पाहिल्याशिवाय बिलावर सही करणार नाही, असं म्हणालात. गावाचा विकास आराखडा कसा करायचा, कोणता पैसा कुठे वापरता येतो, पंचायत समितीत कोणाच्या टेबलावर फाईल अडते, हे सगळं कळेपर्यंत पाच वर्षं संपली. आरक्षणाची सोडत निघाली, जागा बदलली आणि गावाने सांगितलं, ‘आता पुरुषांची जागा आली.’ पाच वर्षं खपून तयार झालेली बाई नेमकी तयार झाली तेव्हा घरी गेली.

बहिणींनो, कायद्यात पुरुषांची जागा नावाची जागाच नाही. आहे ती सर्वसाधारण जागा. ती जितकी त्यांची तितकीच तुमची. हे एवढं एकच वाक्य इथून घरी नेलंत तरी माझं इथे येणं कारणी लागलं, असं मी समजेन.

मग आपण उभ्या का राहत नाही? माझं मत सांगते. आपल्याकडे पुरुष उमेदवारी मागतो आणि बाईला उमेदवारी विचारली जाते. कोणी विचारायला आलं नाही, तर आपली तयारीच नाही असं ती धरून चालते. अजून शिकते, मुलगी दहावी झाली की बघू, मला भाषण कुठे येतं.

रोवणीच्या दिवसांत आपल्या बांध्यांवर काय चालतं ते बघा. पंधरा-वीस बायकांचा जत्था एकीच्या शब्दावर निघतो. एकराचा ठेका ती ठरवते. कोणाचे पऱ्हे आधी काढायचे, पाणी उतरायच्या आत कोणाची बांधी उरकायची, कोणाचं लेकरू तापाने आहे म्हणून तिला आज सुट्टी द्यायची, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. शेतकऱ्याने दर पाडायचा प्रयत्न केला तर बायकांना घेऊन बांधावर उभी राहते ती. पैशाच्या वाटणीत भांडण होऊ देत नाही. तिला पुढारी म्हणा, ती म्हणेल, ‘मी कायची पुढारी, बाई!’ हिशेब, वाटाघाट, माणसं सांभाळणं आणि वेळेत काम उरकणं, हे सगळं ती करते. सरपंचाच्या खुर्चीत यापेक्षा वेगळं काय करावं लागतं? बचत गटाची अध्यक्ष, ग्रामसंघाची सचिव, प्रभागसंघात बोलणारी बाई, यांचंही हेच. बँकेच्या मॅनेजरसमोर उभं राहून कर्जाचं प्रकरण मंजूर करून घेतलंत, तीच तुमची परीक्षा होती आणि ती तुम्ही पास झालात.

तयारी ओळखली की सगळं जमतं, असं मात्र मी म्हणणार नाही. निवडणुकीला पैसा लागतो, घराचा होकार लागतो. गावच्या सेवा सहकारी संस्थेचंच घ्या. संचालक मंडळात बाईसाठी दोन जागा राखीव आहेत, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई सभासद तरी कशी होणार? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून गावोगाव सांगितलं, त्यालाही तीसहून अधिक वर्षं झाली. धानाचं निंदण, रोवणी, कापणी बाईच्या हातची आणि संस्थेच्या सभेत तिला मत नाही, हे मला मान्य नाही. इथे बसलेल्या बंधूंनी यावर घरी जाऊन बोलावं.

लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. त्या जागा येतील तेव्हा येतील. तोवर ज्यांची मुदत संपली आहे आणि ज्यांचा प्रभाग खुला झाला आहे, त्यांनी कागदांपासून सुरुवात करावी. राखीव प्रवर्गातून लढायचं असेल तर जात वैधतेसाठी वडिलांकडचे जुने दाखले लागतात, म्हणजे माहेरी जावं लागतं, आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव आजच्या नावाशी जुळवावं लागतं. याला महिने लागतात. सर्वसाधारण जागेला जातीचा दाखलाही लागत नाही. दुपारच्या सत्रात अशा बहिणींची यादी करणार आहोत. नाव सांगायला नवऱ्याला किंवा दिराला पाठवू नका, टेबलाशी स्वतः या.