आत्मसंरक्षणाचा हक्क आणि हिसकावलेले हत्यार



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज तसे होणार नाही. आजचा विषय आम्ही चालकांकडून मागून घेतला आहे. हत्यार घेऊन अंगावर आलेल्या माणसाच्या हातून ते काढून घ्यावे काय, घेता येते काय, आणि घेतल्यावर कायद्याच्या दृष्टीने आपण कोठे उभे असतो, असा तो विषय आहे. आम्ही वकील नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. कायदा जो काही कळला तो वाचनालयाच्या बाकावर आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात. परंतु फाटकावरच्या सभा आम्ही तीस वर्षे घेत आलो आहोत, आणि हा प्रश्न पुस्तकात भेटण्यापूर्वी आम्हांला फाटकावर भेटला.

या बाबतीत लोकांत दोन समजुती आहेत. एक अशी की, कायदा सज्जनाचे हात बांधतो. मार खाल्ला तर आपण फिर्यादी, हात उचलला तर आपणच आरोपी. दुसरी याच्या अगदी उलट. एकदा त्याने सुरा काढला की पुढे त्याचे काय करावयाचे ते आपल्या मर्जीवर. पहिल्या समजुतीने माणूस भ्याड होतो आणि दुसरीने तुरुंगात जातो. या दोन्ही समजुती चुकीच्या कशा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा या हक्काभोवती फार कुंपणे घालू नयेत, उलट लोकांत प्रतिकाराची वृत्ती वाढावी, असा विचार मसुदा करणारांनी स्पष्ट मांडला होता. १८६० साली ती संहिता मंजूर झाली. तीत आत्मसंरक्षणाची कलमे ९६ ते १०६ अशी होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तीच कलमे आता ३४ ते ४४ झाली आहेत. आकडे बदलले; हक्काचा गाभा तोच राहिला.

त्यातले पहिले कलम सांगते की, आत्मसंरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कृती हा गुन्हाच नव्हे. येथे दया किंवा माफी मागावी लागत नाही. हा हक्क आहे. तो स्वतःच्या शरीरासाठी आहे तसाच दुसऱ्याच्या शरीरासाठीही आहे. शेजारच्या अनोळखी बाईवर कोणी धावून गेला, तर तिच्या बचावासाठी आपल्यालाही तो आहे. हल्लेखोर दारूच्या नशेत असला किंवा वेडा असला, आणि त्यामुळे तो स्वतः शिक्षेला पात्र नसला, तरीही आपला हक्क कमी होत नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटेल असा हल्ला असेल, तर प्रसंगी हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोहोचतो. बलात्कार, अपहरण आणि २०१३ पासून अ‍ॅसिड फेकण्याचा हल्ला, यांनाही हीच मर्यादा आहे. तेव्हा छातीवर सुरा रोखणाऱ्याचा हात पिरगाळला आणि त्याचे मनगट मोडले, तर आपण गुन्हेगार होऊ, ही भीती मनातून काढून टाकावी.

मात्र या हक्काला दोन बंधने आहेत. सरकारी संरक्षण मिळविण्यास वेळ असेल तर तेथे हा हक्क नाही. आणि बचावासाठी जेवढी इजा आवश्यक तेवढीच करता येते. यावर कोणी विचारील, अंगावर वार येत असताना हे माप कोणी कसे घ्यावे? न्यायालयांनीही हे ओळखले आहे. उत्तर प्रदेशातील देव नारायण याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याच्या डोक्यात लाठी बसली, आणि त्याने भाला चालविला. लाठीला भाल्याने उत्तर म्हणजे मर्यादा ओलांडली, असे उच्च न्यायालयाचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. डोक्यावरची लाठीही प्राणघातक होऊ शकते, आणि जीव वाचविणाऱ्याला तागडी घेऊन बसता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तो सुटला.

आता हक्क कधी सुरू होतो आणि कधी संपतो ते पाहू, कारण सारे मर्म येथे आहे. धोक्याची रास्त भीती उत्पन्न होते त्या क्षणी तो सुरू होतो. पहिला वार अंगावर बसेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आणि ती भीती टिकते तोपर्यंतच तो टिकतो. भीती संपली की हक्कही संपला.

हे वाक्य आम्ही फार उशिरा वाचले. ते आधी वाचले असते तर एका घराचे नुकसान कदाचित टळले असते. ती हकीकत सांगतो.

१९९८ सालच्या पावसाळ्यात एका कारखान्याच्या फाटकावर आमची सभा होती. दुसरी पाळी सुटली होती, दिव्यांचा उजेड अपुरा होता. गर्दीतून एक माणूस पुढे आला, त्याने कमरेचा सुरा काढला, आणि आमच्या एका सहकाऱ्यावर उगारला. सहकाऱ्याने हातातली डब्याची पिशवी आडवी धरली. पहिला वार पिशवीवर गेला, दुसरा तळहातावर आला. तेवढ्यात त्याने दोन्ही हातांनी त्या माणसाचे मनगट पकडले, अंगाने त्याला फाटकावर दाबले, आणि सुरा हिसकावून घेतला. येथपर्यंत जे झाले ते सारे कायद्याचे होते, आणि आम्ही म्हणू की शौर्याचे होते. मग तो माणूस पळाला. आमचा सहकारी त्याच्यामागे धावला, आणि दहा-बारा पावलांवर त्याने तोच सुरा त्याच्या पाठीत मारला.

आम्ही चार हातांवर होतो. आम्ही काय करीत होतो? आम्ही ओरडत होतो, "सोडू नकोस त्याला!"

तो माणूस वाचला. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार म्हणून आम्हांला बोलावले. सरकारी वकिलांनी एकच प्रश्न विचारला: पाठीत वार झाला तेव्हा पळणाऱ्याच्या हातात काही होते काय? आम्ही शपथ घेतली होती. आम्ही म्हणालो, "नाही, हात रिकामे होते." घातक हत्याराने जबर दुखापत केल्याबद्दल आमच्या सहकाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि नोकरी गेली. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात त्याची बायको आम्हांला म्हणाली, "भाऊ, तुम्ही तिथंच होता ना? मग ओरडण्यापेक्षा त्यांचा हात का नाही धरला?" याला उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढे वाचनालयात आम्हांला १९६२ सालचा जयदेव खटल्याचा निकाल सापडला. तो लिहिला होता न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी. हे साताऱ्याचे, कामगारविषयक निकालांमुळे आम्हां युनियनवाल्यांना ते घरच्यासारखे वाटतात. पंजाबातील त्या प्रकरणात शेतावरून मारामारी झाली होती. संकटात सापडलेल्या माणसाच्या मनाचा गोंधळ न्यायालयाने लक्षात घेतला पाहिजे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. परंतु समोरचे लोक पळू लागले असताना, दूर गेलेल्यांवर जी गोळी झाडली गेली, तिला बचाव म्हणता येणार नाही, असेही त्यांनी ठरविले. आमच्या फाटकावरची दहा-बारा पावले ती हीच. मनगट पकडले तेथे हक्क होता. पहिल्या पावलाला तो संपला, आणि पुढचे सारे सूडाचे झाले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हत्यार हातून गेले म्हणजे हल्लेखोर प्रत्येक वेळी निरुपद्रवी होतोच असे नाही. तो पुन्हा झेपावत असेल, गळा धरीत असेल, त्याचे साथीदार दगड घेऊन येत असतील, तर भीती कायम आहे आणि हक्कही कायम आहे. माप हत्याराचे नसून धोक्याचे आहे. आणि बचाव करताना, सद्‌हेतूने, आधी बेत न करता मर्यादा ओलांडली जाऊन मृत्यू घडला, तर कायदा त्याला खून म्हणत नाही, सदोष मनुष्यवध म्हणतो. शिक्षा मात्र त्यालाही आहे.

आता व्यवहाराकडे वळू. आमच्या तालमीत जंबिया शिकवीत. ठरलेला वार, ठरलेली रोख, ठरलेली पकड. त्याने अंग चपळ होते, हे खरे. परंतु रस्त्यावरचा माणूस ठरलेला वार करीत नाही. तो एकामागून एक असे चार वार करतो, आणि बहुधा पहिला वार लागेपर्यंत हत्यार दिसतही नाही. म्हणून वस्तादांनी सांगितलेली पहिली गोष्ट आम्ही तुम्हांला सांगतो: पळता येत असेल तर पळा. यात नामुष्की नाही. दुसरी गोष्ट, अंतर ठेवा आणि मध्ये काही तरी आणा. खुर्ची, सायकल, पिशवी, छत्री, हाताला गुंडाळलेली चादर. तिसरी, मोठ्याने ओरडा, लोक जमवा. पाकीट किंवा गळ्यातली साखळी मागत असेल तर देऊन टाका. ती पुन्हा घेता येते. हे सारे खुंटले, पाठीमागे भिंत आली, तरच हत्याराच्या हाताला हात घालावा. तेव्हा पात्याला न धरता दोन्ही हातांनी मनगट नाहीतर कोपराखालचा हात धरावा, आणि आपल्या हाताला जखम होणार हे गृहीत धरावे. पिस्तूल असेल तर हाही हिशेब चालत नाही.

तुम्ही म्हणाल, मग २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर काय घडले? सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरली. ते सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या, तरी पकड सुटली नाही. ते गेले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. या उदाहरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. निःशस्त्र माणसाने हत्यार धरण्याची किंमत काय असते, ती एक. आणि दुसरी अशी की, ज्यांनी आपला माणूस डोळ्यांदेखत पडताना पाहिला, त्यांनी अखेरीस हल्लेखोराला न्यायालयासमोर उभे केले. त्यामुळेच त्या कटाचा पुरावा जगापुढे आला.

हत्यार हाती आल्यावर काय करावे, तेही सांगतो. ते दूर ठेवावे, किंवा पायाखाली दाबून धरावे; पुसू नये, लपवू नये, घरी नेऊ नये. ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, आणि हत्यार पंचनाम्यात त्यांच्या स्वाधीन करावे. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि बिनजामिनाचा गुन्हा करणाऱ्याला साध्या नागरिकालाही पकडून ठेवता येते. नागरिक सुरक्षा संहितेचे ४० वे कलम तसे सांगते. मात्र विनाकारण विलंब न करता, आणि फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात दिले पाहिजे. बांधलेल्या माणसाला मारणे हा या हक्काचा भाग नाही. स्वतःच्या जखमा लगेच सरकारी दवाखान्यात दाखवाव्यात आणि दाखला घ्यावा, कारण आत्मसंरक्षण दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. तो भार सरकारपक्षाएवढा जड नाही. आपले म्हणणे संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. परंतु ते दिसण्यासाठी खूण लागते, आणि तळहातावरची जखम ही मोठी खूण आहे. आमच्या सहकाऱ्याच्या तळहातावरही ती होती. पाठीतल्या वाराने तिचा उपयोग घालविला.

शेवटी एक गोष्ट आम्ही आमच्या चळवळीच्या अनुभवाने सांगतो. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत शंकर गुहा नियोगी झोपेत मारले गेले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉक्टर दत्ता सामंत यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झोपलेल्या नियोगींना कोणत्या तालमीचा डाव उपयोगी पडला असता? आत्मसंरक्षणाचा हक्क हा शेवटच्या क्षणाचा हक्क आहे. त्या क्षणाच्या आधी धमकीची नोंद घेणारे पोलीसठाणे हवे, साक्षीला न घाबरणारा शेजारी हवा, आणि वेळेवर चालणारा खटला हवा. ही मागणी आपण सर्वांनी मिळून करावयाची आहे.

आणि प्रसंग आलाच, आणि कोणी धैर्याने हत्यार हिसकावलेच, तर जवळ उभ्या असलेल्या आपण काय करावयाचे, हे आजच ठरवून ठेवा. त्याला चेतवू नका. पुढे व्हा, त्याच्या खांद्यावर हात ठेवा, आणि म्हणा, "झाले, आता ते खाली टाक." आम्ही १९९८ साली हे म्हणालो नाही. तुम्ही म्हणावे, एवढ्यासाठीच आजचा विषय मागून घेतला होता.