पहिला गोळा घरच्या भाकरीवर

(जिल्हा मेळाव्यात महिला आघाडीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मंडपात कापसाच्या भावावर बोलणं झालं, ज्वारीच्या खरेदीवर झालं. आता जेवणाची वेळ झाली आणि आम्हाला बोलायला उभं केलं आहे. तेव्हा आम्ही जेवणावरच बोलणार. विषय आहे लोणी. घरी घुसळलेलं लोणी, आणि त्यात लसूण, सांभार, मिरची घालून त्याला चव आणायची रीत. मागच्या रांगेतले काही भाऊ हसत आहेत. हसा. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी या महिन्यात लोणी निघालं, हे आम्ही शेवटी हात वर करून विचारणार आहोत.

आम्ही एका गावच्या सहा घरच्या बाया. सगळ्यांचं कोरडवाहू वावर, सगळ्यांकडे पऱ्हाटी आणि तूर, थोडी ज्वारी, दारात एक किंवा दोन म्हशी. दूध सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या गाडीवर जायचं. दहा दिवसांनी चुकारा. घरी चहापुरतं राहायचं, तेही मोजून. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात काही चुकतं आहे असं आम्हाला वाटलंही नव्हतं.

मग २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. शहरातली हॉटेलं बंद, मिठाईची दुकानं बंद, दुधाला उठाव नाही. आमच्याकडे गाडी चार दिवस आलीच नाही. (राज्य सरकारने त्या वर्षी जादाचं दूध विकत घेऊन त्याची भुकटी आणि लोणी केलं. म्हणजे सरकारलाही अडचणीत लोणीच आठवलं.) आमच्या घरात भांडी भरून दूध, आणि काय करावं कोणाला कळेना. तेव्हा एकीच्या सासूने आढ्याला खोचलेली रई काढली, धुतली, डेरा शोधला, खांबाला दोरी बांधली. आम्ही ओळीने बसून घुसळलं. लोणी वर आलं तशी म्हातारीने पाट्यावर लसूण, हिरवी मिरची, सांभार आणि मीठ जाडसर वाटलं, लोण्याच्या गोळ्यात कालवलं आणि तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीवर एकेक गोळा ठेवला.

एका घरचा नातू आठ वर्षांचा. त्याने विचारलं, "आजी, हे आपल्या म्हशीतून निघतं?"

आम्ही कोणीच उत्तर दिलं नाही. त्याच घरात आदल्या आठवड्यात किराणा दुकानातून वनस्पती तुपाची पुडी आली होती.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की आठवड्यातून एक दिवस दूध घरी ठेवायचं. लगेच घरोघर वाद झाला. धनी म्हणाले, तेवढं चुकाऱ्यातून कमी होणार. खरं आहे, कमी होतं. म्हणून आम्ही हिशोब मांडला, तो इथे सांगतो. भाव तुम्ही आपापल्या गावचा घाला.

१० लिटर म्हशीचं दूध, फॅट ६.५. वजनाने ते सव्वादहा किलोच्या आसपास भरतं, म्हणजे त्यात साधारण ६७० ग्रॅम स्निग्धांश. काही ताकात राहतो, काही भांड्याला लागतो. लोण्यात पाण्याचाही अंश असतो. हे सगळं धरून आमच्या हातून ६०० ते ७०० ग्रॅम लोणी निघतं. कढवलं तर अर्धा किलोच्या आतबाहेर तूप. डेअरी तुमच्याकडून फॅट आणि एसएनएफ दोन्ही घेते. घरी लोणी काढलं तर फॅट लोण्यात येतं आणि एसएनएफ ताकात घरीच राहतो. ते ताक कढीला होतं, आंबिलीला होतं, वावरात न्यायला होतं. दुधाचा भाव एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला लिहा लोणी, ताक, वाचलेली तेलाची आणि वनस्पती तुपाची पुडी. त्यातून वजा करा जळण आणि बाईचा वेळ. बाईचा वेळ फुकट धरणार असाल तर तो हिशोब आम्हाला मान्य नाही. कापसाच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून आपण इतकी वर्षं भांडतो. मग डेऱ्यापाशी बसलेल्या बाईची का नाही?

असा प्रामाणिक हिशोब केला तर विकण्यासाठी लोणी काढणं दर वेळी परवडतंच असं नाही. ही गोष्ट आम्ही लपवणार नाही. पण घरच्या ताटासाठी परवडतं. मुलांच्या ताटासाठी तर नक्कीच.

आता रीत. साध्याच गोष्टी आहेत, पण मधल्या वीस वर्षांत आम्हीच विसरलो होतो.

दूध तापवून कोमट झालं की विरजण लावा. नुसती साय साठवायची असेल तर तिलाही चमचाभर दही लावून ठेवा, आणि पाच-सहा दिवसांवर जाऊ देऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, फ्रीज नसेल तर साय साठवूच नका, रोजचं दही रोज घुसळा. घुसळायचं पहाटे. म्हाताऱ्या बाया पहाटे उठत त्याला कारण होतं. दही गार असलं तर लोण्याचे कण एकमेकांना धरतात, गरम झालं की लोणी पातळ होऊन ताकातच फिरत राहतं. उन्हाळ्यात माठाचं गार पाणी घाला, थंडीत कोमट पाण्याचा हात द्या. ज्वारीच्या दाण्याएवढे कण दिसले की थांबा. आणखी घुसळून काही जास्त निघत नाही, उलट ताक त्यात अडकतं.

मग धुवायचं. इथेच बहुतेक जणी घाई करतात. गार पाण्यात लोणी हलक्या हाताने दाबायचं, पाणी बदलायचं, असं पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा. आत ताक राहिलं तर दुसऱ्या दिवशी लोणी आंबतं. धुतल्यावर लाकडी पळीने दाबून पाणी काढून टाका. कारखान्यातल्या लोण्याला कायद्याने ८० टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असा नियम आहे. आपल्या हातच्या लोण्यात पाणी थोडं जास्तच राहतं, म्हणून ते कमी टिकतं. आणि म्हशीचं लोणी पांढरंच असतं. शहरातला माणूस पिवळं बघून त्याला चांगलं म्हणतो. गाय हिरवा चारा खाते तेव्हा तिच्या दुधात पिवळेपणा उतरतो, म्हशीच्या दुधात तो येत नाही. पांढऱ्या लोण्यात काही कमी नाही.

पाव किलो लोण्याला मूठभर सांभार, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, सपाट लहान चमचाभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब. सांभार धुऊन फडक्यावर सावलीत पूर्ण कोरडा करा, मगच चिरा. ओला सांभार म्हणजे लोण्यात पाणी घालणं. कालवून झालं की झाकून दोन-तीन तास गार जागी ठेवा. लसणाचा आणि सांभाराचा वास स्निग्धात उतरतो, त्याला वेळ लागतो. लगेच खाल्लं तर लोणी वेगळं आणि लसूण वेगळा लागतो. पुदिना चालतो, कांद्याची कोवळी पात चालते. ओव्याचं पान एकच घाला, ते सगळ्यांवर चढून बसतं. जवसाची चटणी कालवून पाहा, तीत पाणी नसल्यामुळे ते लोणी हिरव्यापेक्षा बरं टिकतं. हुरड्याच्या दिवसांत याच्यासारखं दुसरं काही नाही.

फ्रान्सच्या बर्गंडी भागात अजमोद्याची पानं आणि लसूण असंच लोण्यात कालवतात आणि गोगलगायींवर घालून खातात. गोगलगाय आपल्याला नको, आपली भाकर पुरे. पण शहरातल्या हॉटेलात पावाबरोबर वाटीभर हिरवं लोणी येतं आणि त्याला हर्ब बटर म्हणतात, ते आपल्या म्हातारीच्या गोळ्याचंच भावंड आहे.

आता आमची फजिती. २०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही सहा जणींनी मिळून चार किलो लसूण-सांभाराचं लोणी केलं आणि बाजाराच्या दिवशी नेलं. सकाळी नऊपर्यंत अर्धा किलो खपलं. अकराला डब्यात लोण्याचं तेल झालं, खाली हिरवा गाळ बसला, एकाला दोन वाजता वास आला. एका गिऱ्हाइकाने नेलेलं परत आणून आमच्यासमोर ठेवलं. आम्ही पैसे परत केले आणि उरलेलं नाल्याकाठी पुरलं. साडेतीन किलो लोणी. परत येताना कोणी बोललं नाही. एकीच्या घरी तर त्या आठवड्याचा चुकारा त्यात गेला होता आणि ती धन्याला काय सांगणार होती ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात आम्ही पाच जणींनी तिची भर वाटून घेतली.

चूक आमचीच होती. हिरवा पाला आणि कच्चा लसूण घातलेलं लोणी हा टिकाऊ माल नाही. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, बाहेर असेल तर त्याच जेवणाला संपवायचं. कच्चा लसूण स्निग्धात बुडवून उबेत ठेवला तर त्यात असं विष तयार होऊ शकतं जे वासानेही कळत नाही. म्हणून घरातही उरलेलं "उद्या बघू" म्हणून फळीवर ठेवू नका. साधं धुतलेलं लोणी गार पाण्यात, पाणी रोज बदलत, दोन दिवस राहतं. लसणाचं नाही.

टिकवायचंच असेल तर तूप. तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरतं, म्हणून ते महिनोन्‌महिने राहतं. आणि चव तिथेही आणता येते. लोणी कढत असताना, बुडबुडे बारीक झाले आणि बेरी तांबूस होऊ लागली की कढीपत्त्याची डहाळी किंवा विड्याचं पान सोडा. पान चुरचुरीत झालं की उतरवा, गाळा. पान आत ठेवू नका. बेरी मुलांना गूळ घालून द्या, हे सांगायची गरज नाही, ती आधीच डब्याभोवती उभी असतात.

पाला कुठला घ्यायचा, हे मात्र सांगितलं पाहिजे. पऱ्हाटीच्या तासात लावलेला सांभार लोण्यात घालू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने आपली माणसं गेली. ज्या वाऱ्याने ते विष माणसापर्यंत गेलं तोच वारा सांभारावरूनही जातो. घरापाशी, स्वच्छ पाण्यावर दोन वाफे करा. न्हाणीच्या पाण्यावरचा कढीपत्ता कढत्या तुपात चालेल, पण कच्चा खायचा पाला त्या पाण्यावर नको.

आणि म्हशीच्या गव्हाणीकडे बघा. सरकी ढेप खाणाऱ्या म्हशीचं लोणी घट्ट येतं, उन्हाळ्यात जरा उशिरा वितळतं. आपल्या कापसाचाच तो गुण आहे. सरकी आपण जिनिंगला देतो, ढेप भाव मोजून परत आणतो, हे दुःख वेगळं. पण बुरशी धरलेली ढेप किंवा काळा पडलेला कडबा घालू नका. बुरशीचं विष दुधात उतरतं, उकळून जात नाही.

विक्रीचं थोडक्यात. आता आम्ही चवीचं लोणी फक्त थंडीत करतो, हुरडा खायला शेतावर माणसं येतात तेव्हा, आणि आदल्या दिवशी मागणी आली तरच. बाकी तूप. अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान विक्रेत्यालाही नोंदणी लागते, ती करून घ्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लोण्या-तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. त्यातलं आमच्या दुधाच्या भावात किती उतरलं, ते आज चुकारा घेऊन आलेल्या भावांनी सांगावं.

आता हात वर करा. या महिन्यात कोणाच्या घरी लोणी निघालं?

सात. एवढ्या मंडपात सात हात, आणि त्यातले पाच आमचेच.

बरं. मंडपामागे दोन डेरे मांडले आहेत. दही काल रात्री लावलं, माठात गार ठेवलं आहे. सांभार वाळत घातला आहे. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी दोरीला हात लावायला यावं, भावांनीही. भाकरी आमच्या बायांनी पहाटे थापून आणल्या आहेत, पण त्या शंभरच आहेत. तेव्हा आधी लेकरांना पुढे सोडा.