वाटाण्याचा अंकुर आणि बाजारपेठ



सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींत तयार होणाऱ्या मालाच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती तो माल ग्राहकापुढे मांडणाऱ्याच्या वाणीविषयी. कोणत्याही औद्योगिक प्रदर्शनात फेरी मारावी. गाळ्यात उत्तम यंत्र उभे असते, शेजारी गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक असते, त्यात अश्वशक्ती, वजन आणि विजेचा दाब बिनचूक छापलेला असतो आणि ज्याने ते यंत्र घडविले तो मनुष्य मागच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. ‘माल चांगला असेल तर तो आपोआप खपतो’ ही आपल्या मराठी माणसाची जुनी श्रद्धा. तिच्या मुळाशी विक्रीचे काम काहीसे हलके, ही एक सुप्त भावनाही आहे. घडविणारा तो कारागीर आणि विकणारा तो बडबड्या, अशी वाटणी मनात पक्की बसली आहे.

ही वाटणी खोटी ठरविणारा माणूस याच मातीतला. नाशिकपासून अवघ्या काही कोसांवर त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ आठवतात, पुतळा आठवतो, पुरस्कार आठवतो. परंतु चित्रपट ही १९१२ साली कला म्हणून नव्हे, तर एक नवे तंत्रज्ञान म्हणून आपल्या देशात उभी राहू पाहत होती. कॅमेरा, कच्ची फिल्म, फिल्मच्या कडांना भोके पाडणारे यंत्र, रासायनिक प्रक्रिया, प्रक्षेपक असा तो सारा पसारा होता. फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले, १९१२च्या प्रारंभी ते लंडनला गेले, तेथे विल्यमसन कॅमेऱ्याची आणि इतर सामग्रीची मागणी नोंदवून ते परतले. येथपर्यंतची कथा तंत्रज्ञाची आहे. पुढची विक्रेत्याची आहे आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तीच मोलाची.

भांडवल हवे होते आणि भांडवलदाराला चित्रपटनिर्मिती या धंद्याची कल्पनाच नव्हती. अशा वेळी एखाद्याने खर्चाचे अंदाजपत्रक केले असते, परदेशी कंपन्यांच्या नफ्याचे आकडे जमवले असते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोपासमोर कॅमेरा रोखून महिनाभर त्याची एकेक चौकट ते टिपत राहिले. मग ती फिल्म निवडक मंडळींना पडद्यावर दाखविली. महिनाभराची वाढ जेमतेम मिनिटभरात! माती फुटते, कोंब डोकावतो, पाने उलगडतात आणि पाहता पाहता वेल वर चढते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही छोटी फिल्म ओळखली जाते. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारखी मंडळी प्रभावित झाली आणि कर्ज देण्यास तयार झाली.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. कॅमेऱ्याची भिंगे कशी, फिल्म किती फूट, यंत्राची किंमत काय, यांपैकी कशानेही ते कर्ज मिळाले नाही. डोळ्यांना कधीच न दिसलेली गोष्ट त्या यंत्राने दाखविली आणि पाहणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. ज्या विस्मयाने फाळके स्वतः झपाटले होते, तोच त्यांनी समोरच्याच्या मनात पेरला. तंत्रज्ञानाच्या विक्रीत उत्कटता म्हणतात ती हीच. आरडाओरडा करणे, गाळ्यावर ढोल वाजविणे किंवा प्रत्येक वाक्यापुढे ‘क्रांतिकारक’ हा शब्द जोडणे म्हणजे उत्कटता नव्हे. आणि ती पगारी विक्रेत्याकडून उसनी घेता येत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. घरात पत्नी सरस्वतीबाईंनी काय सोसले, फिल्मला भोके पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत काय काय सांभाळले, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मुंबईत चित्र चालले. सुरतेत मात्र पहिल्या दिवसाचे उत्पन्न तीन रुपये झाले, असे सांगतात. कारण सरळ होते. तेथील प्रेक्षकाला दोन आण्यांत पाच-सहा तासांचे नाटक मिळत होते. तो तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ का पाहील? दर कमी करणे किंवा खेळ लांबविणे हा व्यापारी उपाय. फाळक्यांनी वेगळा उपाय केला. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि किंमत फक्त तीन आणे, अशा आशयाची जाहिरात त्यांनी दिली. गर्दी लोटली.

सभागृहात अभियंते बसले आहेत, त्यांनी हा हिशेब करून पाहावा. चित्रपटाच्या एका फुटात सोळा चौकटी असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट होती, म्हणजे चौकटी साधारण ५९ हजार. तेव्हा सत्तावन्न हजारांचा आकडा अगदी प्रामाणिक होता. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट. ती जवळजवळ तिप्पट फुगविलेली लांबी झाली. एकाच जाहिरातीत उत्साहाचे खरे रूप आणि त्याचे घसरलेले रूप, दोन्ही सापडतात. खरा आकडाच पुरेसा थक्क करणारा असताना खोट्याची गरज नव्हती. चित्रपटाच्या प्रेक्षकाने फुटपट्टी आणली नाही. लेथ घेणारा ग्राहक मात्र मोजमापाचे साधन खिशात घेऊन येतो.

१९१३च्या ऑक्टोबरात फाळके नाशिकला आले आणि त्यांचा कारखाना येथेच उभा राहिला. १९१४ साली ते आपली चित्रे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून चित्रे काढण्याचे प्रस्ताव आले असता ते नाकारून परतले. स्वदेशीचा मंत्र त्या पिढीच्या रक्तात होता. पुढे महायुद्धाने भांडवल आटले, तेव्हा १९१७ साली त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाची फिल्म काढली. आपले गुपित झाकून ठेवण्याऐवजी सारा कारखानाच त्यांनी लोकांसमोर उघडा केला. आज किती कारखानदार आपल्या ग्राहकाला यंत्रशाळेत हात धरून नेतात?

परंतु कथेचा उत्तरार्धही सांगितलाच पाहिजे. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली, भागीदारांशी खटके उडाले आणि फाळके काशीला निघून गेले. ते परत आले, पण तो काळ परत आला नाही. बोलपटांच्या युगात १९३७ सालचे ‘गंगावतरण’ हे त्यांचे अखेरचे चित्र. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. ध्येयवेडाने बाजारपेठ उघडता येते. ती सांभाळायला हिशेबाची वही आणि भागीदाराशी जुळवून घेण्याचा संयम लागतो.

तो संयम लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी होता. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरविले नाही; नांगरावरचा आणि शेतकऱ्यावरचा, दोन्ही विश्वास कायम ठेवला. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. मालाची आणि कारखान्याची वार्ता देणारे ते पत्र वाढत वाढत मराठी घराघरांतले मासिक झाले. नांगराच्या जाहिरातीतून एक वाङ्मयीन परंपरा जन्माला यावी, याचे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

अलीकडचे उदाहरण याच शहरातले आहे. महिंद्र कंपनीची ओळख जीपची. दणकट, उपयोगी, पण हौसेने मिरवावी अशी नव्हे. २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून ‘स्कॉर्पिओ’ बाहेर पडली. पवन गोयंका यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ती प्रामुख्याने देशातच विकसित केली होती. खर्च सुमारे ६०० कोटी रुपये, जो जागतिक कंपन्यांच्या तुलनेत फारच थोडा. तिची विक्री करताना डिझेलच्या बचतीचे गणित पुढे केले गेले नाही, रुबाब पुढे केला गेला. ग्रामीण पुढाऱ्यांच्या ताफ्यांनी तो रुबाब जरा जास्तच मनावर घेतला, हा भाग निराळा! परंतु भारतीय अभियंत्याने घडविलेली गाडी लोक अभिमानाने दारात उभी करू लागले. गाडीतला तो अभिमान आधी आराखड्याच्या मेजावर बसलेल्यांच्या मनात होता, म्हणून जाहिरातीत उतरू शकला.

आता पुढच्या प्रदर्शनात गाळा घ्याल, तेव्हा माहितीपत्रक छापण्यापूर्वी एक प्रश्न यंत्र घडविणाऱ्या तरुणाला विचारावा. हे यंत्र पहिल्यांदा सुरू झाले, त्या क्षणी तू कोणाला हाक मारून बोलावलेस आणि काय दाखविलेस? जे उत्तर येईल, तेच गाळ्याच्या दर्शनी भागात मांडावे आणि त्या तरुणाला मागच्या खुर्चीवरून उठवून पुढे उभे करावे.