आज्याचा कागद

(कबनूर इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



अल्जेरिया हा आफ्रिकेतला मुलूख. 1830 ला फ्रान्सनं तिथं फौज उतरवली. काही शिपाई नोकरी संपल्यावर तिथंच जमीन घेऊन बसले. आज त्यांचे पणतू फ्रान्समध्ये आज्या-पणज्याचा माग काढतात, आणि तो लागतो. चर्चची वही, पलटणीची वही, जमिनीचा कागद, सगळं जपलेलं. फक्त ती जमीन आधी कुणाची होती, एवढंच इचारायचं नाय.

आपलाही शिपाई परक्याच्याच पलटणीत होता. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला लढाई झाली. तिथल्या खांबावर कंपनीच्या मेलेल्या शिपायांची नावं आहेत. त्यांत 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ‘नाक’ म्हंजे आपली माणसं. गावाला ज्याची सावली चालत नव्हती त्याचं नाव साहेबानं दगडात कोरलं, पण तो मेल्यावर. आणि कोरलं ते साहेबाच्या विजयाच्या खांबावर. म्हणून मी खांबापुढं मान झुकवतो ती त्या 22 जणांसाठी. साहेबासाठी न्हवं.

गोपाळबाबा वलंगकर 1886 ला पलटणीतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. तिथं आपल्या पेन्शनरांची वस्तीच होती. रामजी सुभेदारही महूहून आधी दापोलीला, मग साताऱ्याला आले. या लोकांनी कुणाची जमीन बळकावली नाय. पलटणीतून आणलं ते अक्षर. गोपाळबाबांनी 1888 ला ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं ते त्याच अक्षरानं.

मग 1892 च्या सुमारास साहेबानं आपली भरतीच बंद केली. म्हणे ही लढाऊ जात नाय! 1818 ला लढाऊ होतो, 1892 ला न्हवतो. गोपाळबाबांनी 1894 ला त्याविरुद्ध अर्ज लिहिला. 1917 ला महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा 111वी महार पलटण काढली. लढाई सरल्यावर 1921 ला मोडली. 1941 ला पुन्हा लढाई, पुन्हा गरज; बेळगावात महार रेजिमेंट उभी केली.

माझी आज्जी म्हणते, तिचा सासरा त्याच बेळगावात भरती झाला. घरात बिल्ला नाय, फोटू नाय. एक पत्र्याची ट्रंक होती, ती पावसात गेली.

हे सगळं मला का शोधावं लागलं? जात पडताळणीसाठी. 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. ज्या बापजाद्यांना शाळेच्या उंबऱ्यात घेतलं नाय, त्यांचा शाळेचा दाखला आणा! गावानं सात पिढ्या तोंडपाठ सांगावं हा महार, हा महार, आणि कागदावर सिद्ध मात्र आपण करायचं. कोल्हापूर संस्थानात 1918 ला शाहू महाराजांनी महार वतन मोडलं. त्याआधीच्या वतनी दप्तरात धुंडा, आपली माणसं सापडतील, राबणाऱ्यांत.

मी गोदीत काम करतो. पोत्यावर मार्का असतो, वहीत पोत्याचा आकडा असतो. पोतं उचलणाऱ्याचं नाव त्या वहीत नसतं.

तर पोरांनो, चावडीत जा, जुनी जन्म-मृत्यूची नोंद मागा, नक्कल घ्या. देत नसले तर लेखी अर्ज करा, पोच घ्या. आणि त्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा. मी आज्जीला पणजीचं नाव इचारलं. ती लई वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सगळी तिला शिपायाची बायकूच म्हणायची रं.”