गोधड्यांच्या आडोशाला

घरातल्या घरात रेकॉर्डिंगची जागा कशी करायची, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं होतं, म्हणून आज त्याबद्दल बोलतो.

आपलं रेडिओ केंद्र तालुक्याच्या गावी. तिथे जायचं म्हणजे दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. आणि ज्यांच्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत, त्या आज्यांना तर तेवढा प्रवास झेपतच नाही. दळण गिरणीत जायला लागलं तशी ओवी मागे पडली. सुनांना, नातींना ती कुणी शिकवली नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात गावोगावच्या लाखभर ओव्या गोळा झाल्या, हे मोठंच काम. पण आपल्या आळीतल्या आजीची ओवी आजीबरोबरच जाईल, ती आपल्यालाच धरून ठेवायला हवी.

गटाने पाच हजार रुपये काढून दिले. जो तो म्हणाला, आधी चांगला माइक घ्या. आमचं मत उलटं आहे. आधी खोली.

रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून बघा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर कितीही महागडा माइक आणा, आवाज विहिरीतून आल्यासारखाच येणार. आम्ही आतली, धान्य ठेवायची खोली निवडली. एका भिंतीला पोती होतीच. बाकीच्या भिंतींपासून चार बोटं पुढे दोरी बांधून जुन्या गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी, वर पत्रा म्हणून दोरीवरच एक चादर. पुन्हा टाळी वाजवली तर ती विझल्यासारखी ऐकू आली. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचं कुणी सांगेल, त्यात वेळ घालवू नका. आणि एक ध्यानात घ्या, गोधडी खोलीतला घुमारा शोषते, बाहेरचा ट्रॅक्टर अडवत नाही. ट्रॅक्टरवर उपाय एकच, तो गेल्यावर बोलायचं! आम्हाला दुपारी दोन ते चार बरे पडतात. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (नंतर चालू करायची आठवण एकीवर सोपवा), कुकर नंतर.

माइक कन्डेन्सर घेतला नाही. तो बारीकसारीक सगळं टिपतो, कोंबडीसुद्धा, आणि मोठ्या कन्डेन्सरला बहुधा ४८ व्होल्ट पुरवणारी वेगळी पेटी लागते. आम्ही मोबाइलला लागणारा डायनॅमिक माइक घेतला. तो समोरचं, जवळचं जास्त घेतो. तोंडापासून एक वीत अंतर, जरा तिरका धरायचा. ‘प’, ‘फ’ बोलताना येणारा फटका थांबवायला भरतकामाच्या रिंगेत जुन्या पातळ ओढणीचा तुकडा ताणून मध्ये ठेवला. उरलेल्या पैशातून कान झाकणारा हेडफोन आणि मेमरी कार्ड. हेडफोनवर कंजुषी करू नका. रेकॉर्डिंग चालू असताना एकीने ऐकत राहिलंच पाहिजे.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. फाइल वाव प्रकारात, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवा. १६ बिटला तासाला सुमारे ३१८ एमबी जागा लागते. आवाजाचा काटा उणे बाराच्या आसपास खेळू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही, खोलीची शांतता टिपून घ्यायची. पुढे जोड देताना तीच उपयोगी पडते. काटछाट ऑडॅसिटीवर होते, त्याला पैसे पडत नाहीत.

आजींना मात्र घाई करू नका. पहिली ओवी चाचरतच येते. जातं घरात असेल तर खुंटा हातात द्या, हात फिरला की शब्द येतात. दगडाची घरघर आली तर येऊ द्या, ती ओवीचाच भाग आहे. आधी सांगा की हे रेडिओवर लागेल, आणि त्यांचं ‘हो’ त्यांच्याच आवाजात टिपून ठेवा. नाव सांगायचं की नाही, हेही त्याच ठरवतील. सासुरवासाची एखादी ओवी गाऊन झाल्यावर ‘ही नको लावू गं’ म्हणाल्या, तर ती लावायची नाही.

त्याच संध्याकाळी फाइलची एक प्रत मेमरी कार्डावर, दुसरी गटाच्या संगणकावर. तारीख, गाव आणि गाणारीचं नाव वहीत.

आणि बांगड्या. काढा म्हणू नका, आज्यांना ते रुचत नाही. मनगटावर रुमाल सैलसर बांधला की किणकिण थांबते.