सर्व्हरच्या स्मृतीची वाटणी



संगणकाच्या स्मृतीवर एका कामगार कार्यकर्त्याने बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते गरजेपोटी. आमच्या संघटनेच्या कचेरीत एक सर्व्हर आहे. सभासदांच्या नोंदी आणि दाव्यांचे अर्ज त्यात राहतात. शाखांतले कार्यकर्ते दुरून त्याला जोडलेले असतात. त्याची स्मृती 8 जीबी, म्हणजे 8192 एमबी. थकबाकीचे दावे भरण्याच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, डेटाबेस बंद पडला. दाराशी रांग उभी होती.

‘‘स्मृती कमी पडते, नवी विकत घ्या,’’ असा सल्ला मिळाला. आम्ही म्हटले, आधी हिशेब मांडा.

लिनक्सवर ‘फ्री’ ही आज्ञा दिली की मोकळी स्मृती थोडीच दिसते. तेवढ्याने घाबरू नये. पडून असलेली स्मृती तो फायलींच्या प्रती ठेवण्यास वापरतो आणि मागणी येताच बरीचशी परत देतो. पाहावयाचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना, 2014 पासून हा अंदाज कर्नेल स्वतःच देतो. पण त्या दुपारची नोंदवही उघडली, तेव्हा टंचाई खरीच होती असे दिसले.

मग गेली कोठे? आमचा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल. त्याच्या सामाईक साठ्याला 2048 एमबी दिले होते. चौथा हिस्सा, हा रूढ हिशेब. याखेरीज माहितीची क्रमवारी लावण्यासाठी ‘वर्क मेम’ असते. तिची मूळ मर्यादा 4 एमबी. मासिक अहवाल लवकर निघावा म्हणून आम्हीच ती 64 केली. ही मुभा साऱ्या सर्व्हरला मिळून एकदा नसते, प्रत्येक जोडणीच्या प्रत्येक क्रमवारीला वेगळी असते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. 100 जोडण्यांनी एकेक क्रमवारी मागितली की झाले 6400. त्यात 2048 मिळवा : 8448. आणि घरात 8192!

टंचाई हाताबाहेर गेली की कर्नेल एका प्रक्रियेचा बळी घेतो; बहुधा जिने सर्वांत जास्त स्मृती धरली आहे तिचा. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली कपातीचा नियम आला, तो शेवटी आलेला आधी जाईल असा. येथे तेवढेही नाही. शिवाय पोस्टग्रेएसक्यूएलची एक जोडणी अशी मारली गेली, की सामाईक साठा बिघडला असेल या शंकेने तो सगळ्याच जोडण्या तोडतो. पक्क्या झालेल्या नोंदी वाचतात. अर्धवट भरलेले अर्ज जातात.

एखाद्या प्रक्रियेला उणे 1000 गुण देऊन अभय देता येते. पण अभयाने टंचाई मिटत नाही, कुऱ्हाड दुसऱ्यावर पडते. म्हणून आम्ही वाटणीच बदलली. सर्वांना 8 एमबी; 64 फक्त अहवालाच्या जोडणीला, तेही काम चालू असेतो. आता शंभरांनी एकेक क्रमवारी मागितली तरी सामाईक साठा धरून 2848 च्या आसपास.

त्या दिवशीचे अर्ज आम्ही कागदावर घेतले आणि रात्री जागून यंत्रात भरले. चूक यंत्राची नव्हती, आमची होती. नवी स्मृती मात्र विकत घ्यावी लागली नाही.