विद्यापीठाची शिक्षा आणि शेतकऱ्याचें घर

(मारेगांव येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



कपाशीची वेचणी टाकून तुम्ही येथें आलांत, तेव्हां मी पाल्हाळ लावणार नाहीं. कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या पोरांना ज्या शिक्षा होतात त्यांविषयीं मला आज बोलावयाचें आहे. विषय ऐकून कांहीं म्हातारी मंडळी हंसली. पोरगा चुकला तर मास्तर त्याला मारील, त्यांत भाषण तें काय करावयाचें, असें त्यांचें म्हणणें. पण बाबांनो, शाळेंतल्या मास्तराची छडी हातावर बसते आणि संध्याकाळपर्यंत तिची आग उतरते. विद्यापीठाची शिक्षा कागदावर लिहिलेली असते, आणि ती सबंध घराला बसते. एक वर्ष परीक्षेला बंदी झाली, तर वकिलाच्या मुलाचें एक वर्ष जातें, एवढेंच. आपल्या मुलाचें वर्ष गेलें म्हणजे शिष्यवृत्ति थांबते, वसतिगृहांतली जागा जाते, खोलीचें भाडें अंगावर येतें, आणि बाप म्हणतो, आतां पुरे झालें, चल वखरावर. मुलगी असली तर पुढच्या उन्हाळ्यांत तिचें लग्न उरकतात. हुकुमांत शिक्षा एका वर्षाची, पण ती भोगावी लागते जन्मभर.

मीं एका कॉलेजच्या कचेरींत बरींच वर्षें कारकुनी केली. कॉलेजचें नांव सांगत नाहीं, त्याचें येथें काम नाहीं. एका परीक्षेंत खेड्यांतल्या एका मुलाजवळ चिठ्ठी सांपडली. पर्यवेक्षकानें उत्तरपत्रिका काढून घेतली, दुसरी दिली, आणि एका छापील कागदावर त्याची सही घेतली. कांहीं दिवसांनीं त्याच्या घरीं नोटीस गेली, कीं अमुक तारखेला समितीपुढें हजर राहून आपलें म्हणणें मांडावें. नोटीस इंग्रजींत होती. ती मींच टाईप केली होती. मुलगा तारखेला आला नाहीं. समितीनें एकतर्फी निकाल केला, आणि तो मुलगा पुन्हा कॉलेजांत दिसला नाहीं.

दोन वर्षांनीं त्याचे वडील दाखला न्यावयास आले. मीं विचारलें, "काकाजी, पोरगा तारखेला कां आला नाहीं?" ते म्हणाले, "बाबू, कोर्टाचा कागद असन म्हून पेटीत ठेवून देल्ला. पोराले सांगतलंच नाही. घाबरून काही करून बसन, असं वाटलं." लिफाफा त्यांनीं फोडलाहि नव्हता.

मीं मग तें जुनें प्रकरण काढून पाहिलें. ती चिठ्ठी त्या दिवशींच्या पेपरांतल्या एकाहि प्रश्नाशीं जुळत नव्हती. मुलानें येऊन एवढें सांगितलें असतें तर समितीनें तें निदान ऐकून घेतलें असतें. आणि मीं त्या नोटिशीबरोबर चार ओळी मराठींत लिहून जोडल्या असत्या तर? पांच मिनिटांचें काम होतें. मला कोणी मना केलेलें नव्हतें, आणि तरी मीं तें केलें नाहीं. आज मी तुमच्यापुढें उभा आहें त्याचें कारण हें आहे.

आतां लक्ष देऊन ऐका. ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा देऊं नये, हा नियम कोणा दयाळू प्राचार्यानें आपल्याला बक्षीस दिलेला नाहीं. विलायतेंत केंब्रिज विद्यापीठानें रिचर्ड बेंटली नांवाच्या विद्वानाच्या पदव्या त्याला न विचारतां काढून घेतल्या होत्या. १७२३ सालीं वरच्या कोर्टांत न्यायाधीशानें म्हटलें, कीं आदमानें मना केलेलें फळ खाल्लें तेव्हां त्याला बागेंतून हांकलण्यापूर्वीं देवानेंहि विचारलें होतें, तूं तें खाल्लेंस काय? देवाला तर सारेंच ठाऊक होतें! विद्यापीठाला पुढें त्या पदव्या परत कराव्या लागल्या.

आपल्या सुप्रीम कोर्टानें १९६२ सालीं हेंच सांगितलें. उत्तर प्रदेशांत तीन मुलें १९५४ ची इंटरमीजिएट परीक्षा पास झालीं होतीं. कित्येक महिन्यांनीं त्यांना कळलें, कीं आपला निकाल रद्द झाला आहे आणि पुढच्या वर्षाच्या परीक्षेलाहि आपल्याला बसतां येणार नाहीं. कोणी कांहीं विचारलें नव्हतें. बोर्डाचें म्हणणें, विचारणा करावी असें आमच्या नियमांत कोठें लिहिलें आहे? कोर्टानें सांगितलें, लिहिलेलें नसलें तरी मुलाच्या भवितव्याचा निकाल करणाऱ्यानें न्यायाधीशाप्रमाणेंच वागलें पाहिजे. आपल्या राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणें परीक्षेंतल्या गैरप्रकारांची चौकशी एका समितीकडे असते, आणि तींत पांचांपेक्षां जास्त माणसें नसतात. ती समिति विद्यार्थ्यांप्रमाणेंच पेपर काढणाऱ्यांच्या व तपासणाऱ्यांच्या चुकांचीहि चौकशी करते. समितीपुढें जाणें म्हणजे फांशीच्या तख्तावर जाणें नव्हे. समोर चारपांच माणसें बसलेलीं असतात, तीं विचारतात, आपण सांगावयाचें. न गेलें तर मात्र आपल्या वतीनें तेथें कोणीच बोलत नाहीं.

याचा अर्थ कॉपी करावी असा मात्र कोणी घेऊं नये. परीक्षेच्या दिवशीं खिडकीवर चढून चिठ्ठ्या फेंकणारे काके-मामे आपल्यांतलेच असतात. परीक्षेच्या गैरप्रकारांबद्दल आपल्या राज्यांत १९८२ पासून कायदा आहे, आणि तो मदत करणाऱ्यालाहि सोडीत नाहीं. चिठ्ठीवर पास झालेला मुलगा पुढें नोकरीच्या परीक्षेंत नापास होतो, तेव्हां खिडकीवर चढलेला मामा त्याच्या मदतीला येत नाहीं.

आतां दुसऱ्या तऱ्हेच्या शिक्षेकडे येतों. मुलानें चोरी केलेली नसते, कॉपी केलेली नसते. तो सभेला गेलेला असतो, किंवा त्यानें कांहीं लिहिलेलें असतें. वर्धा येथून कांहीं दूर नाहीं. तेथें महात्मा गांधींच्या नांवाचें हिंदी विद्यापीठ आहे. ऑक्टोबर २०१९ मध्यें, विधानसभेची निवडणूक तोंडावर असतां, कांहीं विद्यार्थ्यांनीं पंतप्रधानांना पत्रें लिहिण्याचा कार्यक्रम ठरविला. जमावाकडून होणाऱ्या हत्यांसारखे प्रश्न त्या पत्रांत होते. परवानगी मिळाली नाहीं, म्हणून ९ तारखेला मुलें धरण्याला बसलीं. त्याच दिवशीं सहाजणांना काढून टाकल्याचा हुकूम निघाला. कारण दिलें होतें निवडणूक आचारसंहितेच्या भंगाचें. त्या भंगाचा निवाडा विद्यापीठाकडे कोणीं सोंपविला, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. धरण्याला शंभरांवर मुलें असतां काढून टाकलेले तीन दलित आणि तीन इतर मागास जातींचेच कां, असा त्या मुलांनीं उघड सवाल केला. १३ तारखेला विद्यापीठानें आपला हुकूम मागें घेतला, आणि मागें घेतांना नैसर्गिक न्यायाचें नांव घेतलें. तो न्याय चार दिवस आधीं आठवला असता तर बरें झालें असतें.

पुण्यांत मे २०२५ मध्यें असेंच झालें. सिंहगड संस्थेच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या एकोणीस वर्षांच्या काश्मिरी मुलीनें भारत-पाकिस्तान संघर्षावर दुसऱ्या कोणाचा मजकूर समाजमाध्यमावर पुढें पाठविला, थोड्याच वेळांत काढून टाकला, आणि माफीहि मागितली. कॉलेजनें तिचें म्हणणें न ऐकतां ९ मे रोजीं तिला काढून टाकलें, पोलिसांनीं अटक केली. २७ मे रोजीं मुंबई हायकोर्टानें तिला जामीन दिला, कॉलेजचा हुकूम स्थगित केला, आणि तिला परीक्षेला बसूं द्या म्हणून सांगितलें. तिचा मजकूर तुम्हांला पटो वा न पटो, तो निराळा प्रश्न आहे. तिला विचारलें होतें काय, एवढेंच मी विचारतों.

पण कोर्टांत धांव घेतली कीं सुटका होतेच, असेंहि समजूं नका. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें केरळच्या एका दलित संशोधक विद्यार्थ्याला एप्रिल २०२४ मध्यें दोन वर्षांसाठीं निलंबित केलें. मोर्चांत भाग घेतल्याचें व समाजमाध्यमांवरील मजकुराचें कारण होतें. मार्च २०२५ मध्यें हायकोर्टानें त्याचा अर्ज फेंटाळला. २ मे २०२५ रोजीं सुप्रीम कोर्टानें, भोगली एवढी शिक्षा पुरे, त्याला अभ्यास पुरा करूं द्या, असें सांगितलें. तोंवर वर्षाहून अधिक काळ गेला होता. शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला एवढा काळ कोण पोसणार?

जुनी एक गोष्ट सांगतों, ती आपल्याच मुलुखाची आहे. आपल्या दक्षिणेला पैनगंगा आहे. तिच्या पलीकडे १९३८ सालीं निजामाचें राज्य होतें. त्या वर्षीं नोव्हेंबरांत औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहांतल्या मुलांनीं प्रार्थनेंत वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला. मनाई झाली. मुलांनीं ऐकलें नाहीं. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलें, आणि शेंकडों मुलांना बाहेर काढलें. त्या वेळीं नागपूर विद्यापीठानें, टी. जे. केदार कुलगुरू असतां, त्या मुलांना आपल्याकडे घेतलें. अशा काढून टाकलेल्या मुलांपैकीं पी. व्ही. नरसिंह राव हे एक. ते पुढें रामटेकहून लोकसभेवर दोनदां निवडून गेले, आणि १९९१ सालीं पंतप्रधान झाले. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हां नागपूर विद्यापीठाखालींच होता. अमरावतीचें विद्यापीठ निघालें तें १९८३ सालीं. एका विद्यापीठानें दार लावलें तर दुसरें उघडें असूं शकतें, हें पोराला सांगावयास बापाला ठाऊक असावें.

आतां कडू बोलतों. आपलेंच पोर दुसऱ्याच्या पोराला रडवीत असेल तर? गाणें म्हणणें, पत्र लिहिणें, मोर्च्याला जाणें निराळें. नव्यानें आलेल्या मुलाला रात्रीं उठवून नाचविणें, त्याची जात काढणें निराळें. येथें मी शिक्षेच्या बाजूचा आहें. १९९९ च्या महाराष्ट्राच्या रॅगिंगबंदी कायद्यांत दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हा शाबीत झाला तर कॉलेजांतून काढतात, आणि पांच वर्षें दुसऱ्या कोठल्याहि कॉलेजांत घेत नाहींत. तक्रार आल्यावर प्रमुखानें सात दिवसांत चौकशी करावयाची असते. त्यानें हयगय केली तर तोहि त्या गुन्ह्याचा साथीदार ठरतो. हें कलम फार चांगलें आहे. पण किती प्रमुखांनीं तें वाचलें असेल?

शिक्षा वेळेवर न होण्याची किंमतहि गरिबालाच पडते. जळगांवच्या तडवी भिल्ल कुटुंबांतली डॉ. पायल मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या कॉलेजांत पुढचें शिक्षण घेत होती. वरच्या वर्गांतल्या डॉक्टरणी जातीवरून छळतात, अशी तक्रार आपण आधींच केली होती, असें तिच्या घरच्यांनीं सांगितलें. २२ मे २०१९ ला ती गेली. मग खटला झाला. त्याच वर्षीं तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी सुप्रीम कोर्टांत गेल्या, कीं विद्यापीठांतला जातिभेद रोखण्याची व्यवस्था कागदावर न राहतां चालली पाहिजे.

तक्रार करणाऱ्या मुलीला संभाळणें हाहि न्यायाचाच भाग आहे. रांचीच्या मेडिकल कॉलेजांत कांहीं मुलें रात्रीं मुलींच्या वसतिगृहाच्या आवारांत शिरलीं होतीं. काढून टाकल्यावर तीं म्हणालीं, आमच्या समोर मुलींची साक्ष घेतली नाहीं. १९७३ सालीं सुप्रीम कोर्टानें उत्तर दिलें, कीं आरोप कळविला, तुमचें म्हणणें घेतलें, एवढें पुरे. मुलींचीं नांवें सांगितलीं असतीं तर त्यांना बाहेर फिरणें कठीण झालें असतें. मला हा निकाल योग्य वाटतो. ज्यांच्या मुली वसतिगृहांत आहेत त्यांनाहि तो वाटेल.

आतां कामाचें तेवढें सांगून संपवितों. पोरगा किंवा पोरगी शहरांत शिकत असेल तर कॉलेजच्या कचेरींत घरचा खरा पत्ता आणि फोन लिहिलेला आहे काय, तें पहा. पुष्कळांचा तेथें खोलीवाल्याचा पत्ता असतो. नोटीस आली तर त्याच दिवशीं वाचून घ्या. आरोप कोणता, पुरावा काय, तारीख कोणती, हीं तीन त्यांत पहा. एखादी नसली तर अर्ज करून मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का घ्या. उत्तर मुलानेंच लिहावें, खरें लिहावें. केलें असेल तर केलें म्हणून लिहावें, आणि पहिलीच चूक असेल तर तेंहि लिहावें. कोऱ्या कागदावर सही देऊं नये. पुढाऱ्याची चिठ्ठी नेऊं नका. चिठ्ठीनें सुटलेला मुलगा त्या पुढाऱ्याच्या सतरंज्या उचलीत फिरतो. साहेबाच्या पायांवर डोकें ठेवूं नका. तेथें पाया पडण्यासारखें कांहीं नसतें. बसावयास खुर्ची मागा.

२०२३ च्या अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणें कॉलेजांत विद्यार्थ्यांची तक्रार ऐकणारी समिति पाहिजे. तींत एक तरी स्त्री आणि एक तरी अनुसूचित जाति, जमाति किंवा इतर मागास वर्गाचा माणूस पाहिजे. तिनें साधारण १५ कामाच्या दिवसांत निकाल द्यावा, आणि तो पटला नाहीं तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जातां येतें. मुलाचे मूळ दाखले अडकवून ठेवले असतील तर तीहि तक्रार तेथें चालते. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२ या नंबरावर फोन करतां येतो, त्याला पैसे पडत नाहींत. हा नंबर भिंतीवर कोळशानें लिहून ठेवा.

सभा संपल्यावर मी येथेंच बसणार आहें. कोणाच्या घरीं असा कागद पेटींत किंवा कोठींत ठेवलेला असेल तर आत्तां जाऊन घेऊन या. लिफाफाहि आणा, त्यावर पोष्टाची तारीख असते.